फळ्यावरचं ‘रिक्त’: सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीचा हिशेब कुणाकडे मागायचा?

प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, की केसपेपरच्या खिडकीशेजारी एक फळा दिसतो. पदाचं नाव, मंजूर, भरलेली, रिक्त असे चार रकाने. आमच्या आत्याबाईंना बीपीच्या गोळ्या आणायला मी दर महिन्याला ज्या केंद्रात जातो, तिथल्या फळ्यावर बाकी सगळं ऑइलपेंटने लिहिलंय आणि ‘रिक्त’चा रकाना तेवढा खडूने. पूर्वी मला वाटायचं, आकडा बदलत असेल म्हणून खडू वापरत असतील. पण दोन वर्षांत तो आकडा मी एकदाच बदललेला पाहिला, आणि तोही वाढलेला.

मागच्या महिन्यात फार्मासिस्टने गोळ्यांऐवजी चिठ्ठी हातात ठेवली, ‘बाहेरून घ्या’. मी जरा आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, “काका, औषधांचा इंडेंट पाठवून अडीच महिने झाले. मी काय गोळ्या घरी बनवू?”

त्याचं चुकत नव्हतं. मग चुकत कुणाचं होतं? सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, नर्सचा पगार थकतो, औषध संपतं, तेव्हा ‘सरकार जबाबदार’ असं आपण म्हणतो आणि घरी येतो. पण सरकार म्हणजे नेमकं कोण? ते समजून घ्यायचा हा प्रयत्न.

## एक घर, चार कारभारी

एकत्र कुटुंबात धान्याच्या कोठीची किल्ली एका चुलत्याकडे, पैशाची पेटी दुसऱ्याकडे आणि गडीमाणसं ठेवायचा अधिकार तिसऱ्याकडे असला, की पाहुण्याला उपाशी कुणी ठेवलं याचं उत्तर मिळत नाही. महाराष्ट्राची आरोग्यव्यवस्था बऱ्यापैकी तशी आहे.

खेड्यातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ज्याला आपण ‘सिव्हिल’ म्हणतो ते जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथले प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. मेडिकल कॉलेजला जोडलेलं मोठं रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्याचा मंत्री बहुतेक वेळा वेगळा, सचिव वेगळा आणि पैशाची तरतूदही वेगळी. शहरात महापालिकेची रुग्णालयं, ती चौथी.

बातम्यांतल्या तीन घटना घ्या. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यात कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ते महापालिकेचं. त्याच वर्षी सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. टीव्हीवर तिन्ही वेळा पट्टी एकच होती, ‘सरकारी रुग्णालयात मृत्यूचं तांडव’. पण तिन्ही ठिकाणी ज्याला जाब विचारायचा तो वेगळा होता.

## मग पकडलं कुणाला जातं?

जो समोर उभा असतो त्याला.

नांदेडच्या मृत्यूंनंतर एका खासदारांनी कॅमेऱ्यासमोर तिथल्या अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. पुढे खासदारांवर गुन्हाही दाखल झाला. स्वच्छतागृह घाण होतं, यात वाद नाही. पण त्या रुग्णालयात सफाई कामगारांची पदं किती, त्यातली रिकामी किती आणि ती भरायचा अधिकार अधिष्ठात्यांना आहे का, हे त्या चित्रफितीत कुणी विचारलं नाही.

६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. अटक झाली एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. ड्यूटीवरच्या माणसाची चूक असेल तर ती तपासावी, जरूर तपासावी. पण वायरिंग काही परिचारिका करत नाही, आणि अग्निसुरक्षेच्या निधीची फाईलही तिच्या टेबलावर अडकलेली नसते.

उत्तरदायित्व हा या लेखातला एकमेव जड शब्द. अर्थ सोपा: ज्याच्या हाती निर्णय, त्याने हिशेब द्यायचा. आपल्याकडे निर्णय मंत्रालयात होतो आणि हिशेब वॉर्डात मागितला जातो. सगळी गोची इथे आहे.

## ‘मंजूर पद’ ठरवतं कोण?

लग्नात पानं किती वाढायची हे यजमान पाहुण्यांच्या यादीवरून ठरवतो. दवाखान्याचं तसंच. ढोबळ नियम असा: सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. कोणत्या संस्थेत किती डॉक्टर, किती आरोग्यसेविका, किती शिपाई याच्या तक्त्याला सरकारी भाषेत आकृतिबंध म्हणतात.

गंमत यादीत आहे. देशाची शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. म्हणजे अगदी प्रामाणिकपणे पानं मांडली, तरी यादी त्या सालची. आमच्या केंद्राच्या हद्दीत तेव्हापासून दोन नव्या वसाहती उठल्या, एक साखर कारखाना वाढला, ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि जातात. ती माणसं ओपीडीत रांगेत उभी असतात, पण यादीत नसतात.

म्हणून फळ्यावरचा ‘रिक्त’चा आकडा हा कमतरतेचा सगळा आकडा नव्हेच. तो मंजूर पदांतला खड्डा. जी पदं मंजूरच झाली नाहीत, त्यांना फळ्यावर रकाना नाही. शिवाय ‘भरलेली’ या रकान्यातही एक मेख असते, प्रतिनियुक्तीची. माणसाचं पद इथलं, पगार इथून निघतो आणि काम मात्र तो तालुक्याला किंवा जिल्ह्याला करतो. फळा सांगतो ‘भरलेले : १’, खुर्ची रिकामी. सिस्टरला विचारलं तर ती हसून म्हणते, “आहेत की. कागदावर आहेत.”

## रिकामं पद भरायला इतका वेळ का?

घरात गडी ठेवायचा तर एका दिवसाचं काम. सरकारात आधी वित्त विभागाची संमती लागते, मग आरक्षणाची बिंदूनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी, याचा तक्ता) तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रं आणि शेवटी नेमणूक. यातलं प्रत्येक पाऊल योग्य कारणासाठी आहे. बिंदूनामावली नसेल तर वंचितांचा वाटा मारला जाईल. परीक्षा नसेल तर वशिलेबाजी होईल. अडचण पायऱ्यांची नाही, पायरीवर बसून राहण्याची आहे.

आणि कधी कधी पायरीच खचते. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या भरतीची परीक्षा ऐन आदल्या रात्री पुढे ढकलली. एसटी पकडून परगावी पोहोचलेली पोरं स्टँडवर बसून राहिली. परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली, पेपर फुटल्याचं उघड झालं, अटका झाल्या आणि शेवटी ती भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली, १०,९४९ पदांची. मधली दोन वर्षं ही कामं कुणीतरी करतच होतं. ‘अतिरिक्त कार्यभार’ घेऊन, म्हणजे एकीने दोघींचं. किंवा कंत्राटावर.

## मानधन आणि वेतन यांत फरक काय?

कंत्राटाचा विषय नीट समजायला हवा, कारण आज ग्रामीण दवाखाना मोठ्या प्रमाणात त्यावरच चालतो.

२००५ मध्ये केंद्राने ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. पुढे शहरांचा भाग जोडून त्याचं राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं, लोकांच्या तोंडी ‘एनएचएम’. महाराष्ट्रात पैशाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. या पैशातून हजारो नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, डॉक्टर घेतले गेले. पण नेमणुका ठरावीक मुदतीच्या. मुदत संपली की नवा आदेश, मध्ये एखाद्या दिवसाचा खंड, की सलग नोकरीचा दावा नको. पंधरा वर्षं एकाच केंद्रात बाळंतपणं केलेल्या सिस्टरची ‘नेमणूक’ कागदावर दरवेळी नवी कोरी.

कायम कर्मचाऱ्याला मिळतं ते वेतन: श्रेणी, महागाई भत्ता, रजा, सेवानिवृत्तीची तरतूद. कंत्राटी माणसाला मिळतं ते मानधन. मानधन हा शब्दच बघा, मान दिला आणि धन राखून ठेवलं. केंद्राचा हप्ता उशिरा आला की राज्य म्हणतं, दिल्लीहून पैसे यायचेत. दिल्ली म्हणते, राज्याने आधीच्या खर्चाचा हिशेब दिलेला नाही. सिस्टरचा घरभाड्याचा हप्ता मात्र पाच तारखेलाच असतो.

मार्च २०२४ मध्ये राज्याने निर्णय काढला, की दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना रिक्त पदांच्या ठरावीक हिश्श्यात टप्प्याटप्प्याने सामावून घ्यायचं. सरकारी शब्द समायोजन. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कर्मचाऱ्यांनी बेमुदत संप पुकारला, कारण निर्णयाची अंमलबजावणी होत नव्हती. संपाच्या बातमीत ‘रुग्णांचे हाल’ हा मथळा असतो. हाल झाले हे खरंच. पण दीड वर्ष निर्णय कागदावर राहिला तेव्हा कुणाचे हाल होत होते, याचा मथळा होत नाही.

आशाताईंचं तर आणखी पुढचं. साधारण हजार लोकांमागे एक आशा, राज्यात सुमारे ७० हजार. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, बाळाचं वजन, लसीकरणाची यादी, क्षयरोगाच्या गोळ्या, कोविडात घरोघरचं सर्वेक्षण, सगळं त्यांच्याकडे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण सरकारदरबारी त्या कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत, आणि पैसे कामाच्या तुकड्यावर. म्हणून २०२३ चा दिवाळीआधीचा संप, आणि मग २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे ठिय्या. त्यानंतर कुठे राज्याने मोबदल्यात वाढ मंजूर केली. ज्या बाईला नोकरच मानलेलं नाही, तिचा पगार थकला असं म्हणायचीही सोय नाही.

## औषध कुठे अडकतं?

पुन्हा आमच्या फार्मासिस्टकडे येऊ. त्याने पाठवलेला इंडेंट म्हणजे मागणीपत्र. आत्याबाईंची यादी आणि वाणी असाच तो प्रकार. फक्त इथे वाणी मुंबईत, त्याला पैसे देणारा वेगळा, आणि कोणत्या भावाने घ्यायचं हे ठरवायला निविदा काढणारा तिसराच.

राज्याने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली. लस आणि विंचू-सापाच्या विषावरची औषधं बनवणारी जुनी, नावाजलेली संस्था. पण औषध बनवणं वेगळं आणि हजारो जिनसांची निविदा काढून वेळेवर पोचवणं वेगळं. चांगला आचारी बाजारहाटातही चांगला असेलच असं नाही. तुटवड्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणलं.

तमिळनाडूने हे काम १९९४ मध्येच एका वेगळ्या महामंडळाकडे दिलं. तिथली एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक दवाखान्याला पासबुक. बँकेचं असतं तसंच. वर्षाला इतक्या रुपयांचं औषध तुमच्या नावावर जमा, गोदामातून जेवढं उचललं तेवढं वजा. त्यामुळे ‘मागितलं पण आलं नाही’ आणि ‘मागितलंच नाही’ यांतला फरक एका पानावर दिसतो. महागडं तंत्रज्ञान नव्हे, वही आहे ती.

## “पण आता तर पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत ना?”

आहेत, आणि ते चांगलं आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली, पुढे महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालेली ही योजना २०२३ च्या निर्णयाने दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आणि सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली. बायपास, कर्करोग, डायलिसिस यांसाठी ती खरोखर आधार आहे.

पण योजना म्हणजे जेवणाचं कुपन. खानावळ उघडी असेल आणि आचारी हजर असेल, तरच कुपनाचा उपयोग. शिवाय यादीतल्याच आजारांना, यादीतल्याच रुग्णालयांत. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर ‘हे योजनेत बसत नाही’ हे वाक्य ऐकलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील.

आता पावसाळ्यात रात्री दोन वाजता बांधावर घोणस चावली असं समजा. त्या माणसाला पाच लाखांचं कार्ड नको असतं. त्याला हवी असते १०८ ची गाडी, जवळच्या केंद्रात फ्रीजमध्ये प्रतिविषाच्या बाटल्या, ते द्यायला जागा असलेला डॉक्टर आणि सलाईनची सुई नीट लावणारी सिस्टर. चारातलं एक जरी नसलं तरी बाकी तीन फुकट. शल्यक्रियेचे पैसे सरकारने विम्यातून दिले, तरी रात्रपाळीच्या डॉक्टरचं पद भरण्याला तो पर्याय होत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. वर सांगितलेले चार कारभारी आठवा. हा निर्णय एकाच कारभाऱ्याचा होता. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला तो लागू नव्हता. सिव्हिलमध्ये फुकट तपासून मेडिकलला पाठवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला तिथे पावती फाडावी लागली, की त्याला वाटतं खिडकीवरचा बाबू लुबाडतोय.

## “डॉक्टरच खेड्यात जायला तयार नाहीत, त्याला सरकार काय करणार?”

हा आक्षेप अर्धा खरा आहे. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे बाँडची सक्तीची, सेवा असते. वर्ष भरलं की बहुतेक जण बॅग भरतात. मी अशा एका तरुण डॉक्टरीणबाईंना कारण विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसतं क्वार्टर दाखवलं. छताला ताडपत्री, मागच्या दाराला कडी नाही, नळाला एक दिवसाआड पाणी. रात्री दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांच्या जमावासमोर त्या आणि एक शिपाई.

तयारी नसणं हा स्वभाव असतो तसा परिस्थितीचाही भाग असतो. क्वार्टर, सुरक्षा, वेळेवर पगार, ठरावीक वर्षांनी हमखास बदली, पदव्युत्तर प्रवेशात ग्रामीण सेवेचं वजन, हे सगळं सरकारच्या हातातलं आहे. त्यातलं किती केलं, हा प्रश्न डॉक्टरला नाही विचारायचा.

## “सरकारकडे पैसाच नाही हो”

या सबबीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच उत्तर दिलंय. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत जावं लागलं. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची तंगी सांगून राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही. भरपाईचा आदेशही दिला, २५ हजार रुपये.

नांदेडच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि रुग्णालयांवर ताण होता एवढं सांगून सरकारची सुटका नाही, असंच सुनावलं. मेळघाटातल्या कुपोषणाच्या याचिका २००७ पासून त्याच न्यायालयात आहेत. न्यायालय डॉक्टरांची हजेरी विचारतं, सरकार प्रतिज्ञापत्र देतं, पुढची तारीख पडते. न्यायालय ढकलू शकतं, चालवू शकत नाही.

पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी असं लिहिलं होतं. महाराष्ट्र, देशातलं श्रीमंत राज्य, त्या आकड्याच्या जवळपासही गेलेलं नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी वादातच आहे, पण निदान भांडायला एक कागद तरी आहे.

## मग हिशेब मागायचा कसा?

विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा लेखाअहवाल असतो (राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवर २०२४ च्या डिसेंबरात सभागृहात आलेल्या अहवालात रिक्त पदांवर बरंच लिहिलंय). २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख होती. गावकरी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचे. बंद खोलीत सह्या करणारा माणूस मांडवात गावासमोर बसला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी एका जनसुनवाईत पाहिलंय.

घरबसल्या करण्याजोगं म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. फक्त ‘औषध का नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: मागणीपत्राची प्रत आणि तारीख, पुरवठ्याच्या चलनाची प्रत आणि तारीख. पदांबाबत: पद कधीपासून रिक्त, ते भरण्याचा प्रस्ताव कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला पाठवला, जावक क्रमांक काय.

बीपीच्या गोळ्यांसाठी मी असा अर्ज केला. आठ दिवसांत पत्र आलं, की माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्ज जिल्ह्याच्या औषध भांडाराकडे हस्तांतरित. तिथून आणखी एक पत्र, अर्ज मुंबईला हस्तांतरित. फार्मासिस्टला ती दोन्ही पत्रं दाखवली. त्याने चष्मा लावून तारखा वाचल्या, झेरॉक्स काढून घेतली आणि इंडेंटच्या फाईलला लावून ठेवली.